कुणाला न विचारता बाहेर पडता येणं

आमचा दादा रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की गाडी काढतो आणि स्टँडसमोरच्या टपरीवर चहाला जातो. एकटाच जातो. घरात चहा होतो, वहिनीचा चहा त्या टपरीपेक्षा कितीतरी चांगला असतो, तरी जातो, अर्धा-पाऊण तास बसतो, द्राक्षाला काय दर मिळाला, कुणाच्या पोराचं कुठं जमलं, पाऊस कुठं अडलाय असल्या गप्पा हाणतो आणि परत येतो. यात सांगण्यासारखं काय आहे असं कुणालाही वाटेल. पण दादाचे दोन्ही पाय पोलिओत गेलेत, आणि चाळीशीपर्यंत त्याला घरातून बाहेर पडायचं म्हणजे आधी कुणाला तरी विचारावं लागायचं, मला सोडतोस का, मला न्यायला येशील का, तुझं काम झालं की सांग. समोरचा नाही म्हणायचा नाही, आमच्याकडची माणसं तशी चांगली आहेत, पण विचारावं लागायचं ना. आणि चहा प्यायला जायचंय म्हणून कोण कुणाला विचारतं हो? दवाखान्यासाठी विचारतात, लग्नाकार्यासाठी विचारतात, सहज कुठंतरी जावंसं वाटलं तर माणूस गप्प बसतो.

म्हणून सरकारच्या दिव्यांगांसाठीच्या योजनांबद्दल कुणी बोलायला लागलं की मी मनात एवढंच बघते, की यामुळं त्या माणसाचं दुसऱ्याला विचारणं किती कमी झालं. बाकी आकडे असतातच. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि आपल्या महाराष्ट्रात २९ लाखांच्या वर दिव्यांग माणसं नोंदली गेली, आणि तेव्हा मोजायच्या अपंगत्वाच्या यादीत आत्ताच्यापेक्षा खूपच कमी प्रकार होते. म्हणजे एवढी सगळी माणसं रोज सकाळी उठून कुणाला ना कुणाला काहीतरी विचारत असतात. आमच्या घरात ते कसं होतं आणि कसं बदलत गेलं ते मी जवळून बघितलंय, म्हणून लिहितेय.

दादा जन्मला १९७६ ला. दीड वर्षाचा असताना ताप आला आणि ताप उतरला तेव्हा पाय लुळे पडले होते. त्या काळात गावोगाव अशी पोरं होती, प्रत्येक शाळेत एखादं तरी. आता देशातला शेवटचा पोलिओचा पेशंट १३ जानेवारी २०११ ला पश्चिम बंगालमध्ये हावड्याला सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं सर्टिफिकेट मिळालं, त्यामुळं आजच्या पोरांना कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा लोखंडी आधार, काय असतो हे माहीतच नाही, आणि ते किती चांगलं आहे. पण जी पोरं तेव्हा आजारी पडली ती आता पन्नाशीत आहेत आणि त्यांना अजून रोज उठायचं, अंघोळ करायची, पोट भरायचं आहे, हे लोक विसरतात.

दादाला पहिला कॅलिपर मिळाला तो मुंबईला हाजी अलीच्या सरकारी संस्थेत. १९५५ पासूनची ती संस्था, अशा हाता-पायांच्या पेशंटसाठीच. आई त्याला घेऊन मिरजेतून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायची, सोबत भाकरी-पिठलं, एक पिशवी, आणि काखेत पोरगं. आईला हिंदी येत नव्हतं, तरी ती सगळं विचारत विचारत बरोबर पोचायची. मला कॅलिपर आठवतो तो त्याच्या वासासकट, कारण चामड्याचे पट्टे घामानं कडक व्हायचे आणि उन्हाळ्यात त्याला तेल चोळायचं काम माझ्याकडं असायचं. दोन्ही बाजूंनी लोखंडी सळ्या, खाली बूट त्यालाच जोडलेला, मांडीला पट्टा, गुडघ्यापाशी एक कडी. उभं राहिलं की ती कडी खाली सरकते आणि गुडघा लॉक होतो, खट्ट असा आवाज येतो. बसताना ती कडी हातानं वर ओढायची, मग गुडघा वाकतो. दोन्ही पायांना कॅलिपर म्हणजे चार सळ्या, आणि प्रत्येक वेळी बसताना-उठताना ती खटपट. शाळेत तो बाकावर बसला की मागच्या पोरांनाही कळायचं.

पोरगं वाढतं आणि कॅलिपर वाढत नाही, ही यातली सगळ्यात मोठी अडचण. सहा-आठ महिन्यांत बूट लहान व्हायचा, वर्षात सळी आखूड पडायची. बाहेरून करून घ्यायचा तर वडिलांच्या पगारात बसत नव्हतं. सरकारी संस्था होती म्हणून दरवेळी तो बदलून मिळाला आणि दादा शाळेत उभा राहू शकला, एवढं साधं आहे हे. त्याच वयाचा आमच्या शेजारच्या वाडीतला एक मुलगा होता, त्याच्या घरच्यांना मुंबई जमली नाही, तो हातावर रांगतच मोठा झाला आणि चौथीनंतर शाळेत गेलाच नाही. हुशारीत दोघांत काही फरक नव्हता.

बारावीनंतर दादाला एसटीडी बूथ मिळाला, म्हणजे पैसे देऊन बाहेरगावी फोन लावायचं ठिकाण. तेव्हा असे बूथ वाटताना अपंगांना प्राधान्य असायचं, त्यामुळं नव्वदच्या दशकात गावोगावच्या पिवळ्या पाटीमागं असा एखादा दादा बसलेला असायचा. काचेची केबिन, आत लाल आकड्यांचा मीटर, रात्री दर कमी झाला की बाहेर रांग. मुंबईला हमाली करणाऱ्या नवऱ्याशी बोलायला बायका यायच्या, मीटरकडं बघत बघत घाईनं बोलायच्या. दादाला कमिशन मिळायचं, फार नाही, पण घरात तो पहिल्यांदा पैसे आणून देणारा झाला आणि त्यानंतर घरातलं त्याचं बसणं-उठणंच बदललं. वडील त्याला विचारायला लागले, खत कुठून आणायचं, यंदा बाग ठेवायची का काढायची. त्याआधी कधी विचारलं नव्हतं. लग्न जमलं तेही बूथवर बसायला लागल्यावरच.

मग मोबाइल आले आणि दोन-तीन वर्षांत बूथ बसला. हजारो अपंग माणसांचा धंदा त्या वेळी गेला आणि त्यांच्यासाठी पुढं काय याचा विचार कुणी केल्याचं मला तरी दिसलं नाही. दादानं एमएससीआयटी हा कॉम्प्युटरचा कोर्स केला, झेरॉक्स मशीन घेतलं, आणि पुढं आपले सरकार सेवा केंद्र मिळालं. आज तो लोकांचे उत्पन्नाचे दाखले, रहिवासी दाखले, पेन्शनचे फॉर्म भरतो. तालुक्यातली निम्मी दिव्यांग माणसं फॉर्म भरायला त्याच्याकडंच येतात, कारण त्याला कुठला कागद कुठं अडतो ते माहीत आहे आणि तो कुणाला हेलपाटा घालायला लावत नाही.

आता एसटीचं सांगते, कारण माझ्या मते या सगळ्यात खरी कामाला आलेली गोष्ट एसटीचा पास आहे. दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत, आणि ६५ टक्क्यांवर अपंगत्व असेल तर सोबतच्या माणसाला निम्मं तिकीट. कागदावर हे एका ओळीत संपतं. पण आमच्यासारख्या घरात याचा अर्थ काय होतो, तर मावशीकडच्या जेवणाला, मामाच्या पोराच्या साखरपुड्याला, जोतिबाच्या चैत्र यात्रेला दादाला न्यायचं का, हा प्रश्नच पडेनासा होतो. आधी प्रत्येक वेळी हिशोब व्हायचा, जीप करायला लागेल, एवढे पैसे, बरं तो तिथं बसून काय करणार, राहू दे घरीच. कुणी मुद्दाम टाळायचं नाही, आपोआप व्हायचं ते. पास आल्यावर तो आणि आई मिळून एका माणसाच्या तिकिटापेक्षा कमी पैशात जायला लागले आणि मग पाहुण्यांकडं दादाची सवय झाली. सवय होणं ही फार मोठी गोष्ट आहे. लोक त्याला खुर्ची कुठली लागते, संडास कुठला जमतो हे आपणहून लक्षात ठेवायला लागले.

एसटीच्या पायऱ्या मात्र उंचच. पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याएवढी, दादा आधी कुबड्या वर ठेवतो, मग दांडा धरून हातांवर शरीर उचलतो. कंडक्टर चांगला असला तर गाडी थांबवून धरतो, घाईत असला तर बेल मारतो. म्हणजे तिकिटाची सोय झाली आणि चढायची नाही. अशा अर्ध्या सोयी फार आहेत आपल्याकडं.

चाळिशी उलटल्यावर दादाचे खांदे दुखायला लागले. डॉक्टर म्हणाले पोलिओ होऊन तीस-चाळीस वर्षांनी असं होतं, जे स्नायू आयुष्यभर जास्तीचं काम करत आले ते थकतात, नवीन अशक्तपणा येतो. आम्हाला वाटलेलं पोलिओ एकदा होऊन गेला म्हणजे संपला, पण नाही. कॅलिपर घालून चालणं कमी करा, चाकावर या असं सांगितलं. दादा त्या रात्री जेवला नाही. ज्यानं एवढ्या खटपटीनं उभं राहणं मिळवलं त्याला बसा म्हणणं सोपं नसतं.

मग गाडी घेतली. स्कूटरला मागं दोन्ही बाजूंना जादा चाकं लावून घेतात ना, तशी. आरटीओत त्याच्यासाठी वेगळं लायसन असतं, गाडीच्या टॅक्समध्येही माफी मिळते, पण कागद जमवायला बराच वेळ गेला. पहिल्या दिवशी त्यानं गाडी काढली तेव्हा वहिनीनं विचारलं, कुठं चाललाय? तर म्हणाला, "कुठं न्हाई, असंच." हे "असंच" म्हणता येणं त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. त्या दिवसापासून चहाची टपरी सुरू झाली ती अजून चालू आहे.

हे सगळं मिळतं कशावर, तर अपंगत्वाच्या टक्क्यांवर. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये टक्के ठरवायला डॉक्टरांचं बोर्ड बसतं, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, सकाळपासून माणसं जमतात, कुणाला पाठीवर घेऊन आणलेलं, कुणी बाजल्यावर. ४० टक्क्यांच्या पुढं असलं तर बहुतेक सवलती, खाली असलं तर जवळजवळ काहीच नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, २०१६ चा कायदा आला आणि ते २१ झाले. ऑटिझम, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन, स्नायूंचे आजार, ॲसिड हल्ल्यात जखमी झालेली माणसं, हे सगळे त्यात आले. सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं. आणि युडीआयडी कार्ड आलं, म्हणजे देशभर चालणारं एकच कार्ड, त्यामुळं प्रत्येक ऑफिसात तेच सर्टिफिकेट लॅमिनेट करून फिरवायची गरज कमी झाली. तरी रेल्वेच्या सवलतीसाठी वेगळं कार्ड काढावं लागतंच. एकच कार्ड म्हणायचं तर ते सगळीकडं एकच चालायला पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आमची चुलत आत्या आहे, आम्ही तिला आक्का म्हणतो. लहानपणी देवी आल्या आणि त्यात तिचे डोळे गेले. लग्न झालं नाही, भावाच्या घरी राहिली, भावजयीच्या हाताखाली आयुष्य गेलं. तिला संजय गांधी निराधार योजनेचे पैसे मिळतात. १९८० पासूनची ही योजना. काही वर्षांपूर्वी महिन्याला १००० मिळायचे, २०२३ ला १५०० झाले आणि २०२५ मध्ये सरकारनं दिव्यांगांसाठी २५०० करायचं ठरवलं. शहरातल्या माणसाला ही रक्कम सांगितली की तो म्हणतो, एवढ्यात काय होतंय. पोट भरत नाही हे खरंच आहे, आणि रक्कम वाढायलाच पाहिजे, महागाईबरोबर आपोआप वाढायला पाहिजे, दरवेळी मोर्चे काढावे लागू नयेत. पण आक्काच्या घरी जाऊन बघा काय होतंय ते. तिची मिसरी ती स्वतःच्या पैशानं आणवते. नातवंडांना यात्रेला दहा-दहा रुपये देते. भावजय आजारी पडली तेव्हा रिक्षाचे पैसे आक्कानं काढून दिले आणि त्या दिवसापासून भावजयीचा आवाज खाली आला. प्रत्येक नोट ती वेगळ्या पद्धतीनं दुमडून ठेवते, शंभराची उभी, पाचशेची चौकोनी, पन्नासची तशीच सरळ, आणि कनवटीची पिशवी चाचपून बरोबर ती नोट काढते. कुणाला ही किती आहे म्हणून विचारत नाही. साठीची बाई, पण ती पिशवी सोडताना तिचा चेहरा असा काही खुलतो की बघत राहावं.

आणि हेच पैसे मध्ये बंद पडले होते. का, तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो, बँक खात्याला आधार जोडलेलं असावं लागतं, आणि आक्काचा अंगठा मशीनवर उमटेना. आयुष्यभर भांडी घासून आणि शेण थापून बोटांच्या रेघा झिजल्यात. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात पाठवलं, तिथून बँकेत, बँकेतून परत. चार महिने पैसे नाहीत. जी बाई बघू शकत नाही तिनं जिवंत आहे हे दाखवायला वीस किलोमीटर जायचं, सोबत एका माणसाची मजुरी बुडवून. दादानं शेवटी सगळे कागद स्वतः नेऊन लावले, डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवतात तेही तिच्या डोळ्यांमुळं जमत नव्हतं, ते साहेबांना समजावून सांगितलं. एक तरुण साहेब होता, त्यानं नीट ऐकून घेतलं आणि काम झालं. पण ज्या गावात दादा नाही तिथल्या आक्कानं काय करायचं? आठवड्यातून एक दिवस कुणीतरी सरकारी माणूस अशा घरी जाऊन हयातीचं बघून येऊ शकतो. ग्रामसेवक आहे, तलाठी आहे, आशाताई तर घरोघर जातातच. हे अवघड अजिबात नाही.

पुण्यात माझ्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचा मुलगा ऑटिझमचा आहे. तिच्यासाठी निरामय ही आरोग्य विम्याची योजना फार उपयोगी पडली, १९९९ च्या कायद्यानं केंद्राचा जो नॅशनल ट्रस्ट झाला त्याची आहे ती. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांग मुलांसाठी वर्षाला १ लाखापर्यंत, आधी कुठली तपासणी मागत नाहीत, आणि थेरपीचा खर्चही त्यात काही प्रमाणात बसतो. खाजगी विमावाले अशा मुलांचं नाव ऐकलं की हात वर करायचे. तिचा मुलगा आता स्वतः बटणं लावतो आणि सोसायटीतल्या वाण्याकडून दूध आणतो. ती मला सांगताना रडली, मी पण रडले.

पण एक गोष्ट आपल्याकडच्या योजनांमध्ये मला कायम कमी वाटते, ती म्हणजे सोबतचा माणूस. वस्तू मिळते, सवलत मिळते, थोडे पैसे मिळतात, पण रोज अंघोळ घालायला, कपडे बदलायला, बाहेर न्यायला जो माणूस लागतो तो घरातलाच असतो, आणि घरातला म्हणजे बाईच असते. आमच्या आईची कंबर दादाला उचलून गेली. वहिनी लग्न होऊन आली तेव्हापासून माहेरी सलग दोन दिवस राहिलेली मला आठवत नाही. २०१६ च्या कायद्यात ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी वेगळी तरतूद आहे, सांभाळणाऱ्यासाठी भत्ता द्यावा असंही लिहिलंय. आमच्या ओळखीत तो कुणाला मिळालेला नाही.

माझी कॉलेजची मैत्रीण मेलबर्नला असते आणि तिथं ती हेच, सोबतच्या मदतनिसाचं काम करते. ऑस्ट्रेलियात २०१३ ला एनडीआयएस नावाची दिव्यांगांसाठीची योजना आली, सगळ्या देशात लागू व्हायला २०२० उजाडलं, त्यासाठी लोकांच्या करात थोडी वाढ केली. त्यात प्रत्येक माणसाचा वेगळा प्लॅन ठरतो आणि त्यातून मदतनिसाचे पैसे सरकार भरतं. मैत्रीण आठवड्यातून दोनदा एका गृहस्थांकडं जाते, व्हीलचेअरवर आहेत, त्यांच्याबरोबर भाजी आणायला जाते, त्यांना पोहायला नेते. मी म्हटलं, पोहायला? सरकार पैसे देतं पोहायला न्यायचे? तर म्हणाली, त्यांना काय करायचंय हे आधी त्यांनाच विचारतात, मग ते कसं जमवायचं ते ठरतं. तिथंही सगळं सुरळीत आहे असं नाही, कुणाला किती मिळावं यावरून वाद चालूच असतात, आणि आपल्याकडून जाणाऱ्यांना व्हिसा देताना घरातल्या माणसाच्या आजारपणाचा, अपंगत्वाचा खर्च तिथलं सरकार मोजतं, त्यात कितीतरी कुटुंबांची फरपट झालीये. पण तुला काय करायचंय हे विचारणं मला फार आवडलं. दादाला आजवर कुठल्या ऑफिसात असं कुणी विचारलंय असं मला आठवत नाही. तुला किती टक्के आहे एवढंच विचारतात.

आणि वाटपाचे कार्यक्रम. आधी मोजमापाचं शिबिर होतं, त्यात कानपूरच्या एलिम्को या सरकारी कंपनीची माणसं येतात, मापं घेतात, हे काम ते खरंच चांगलं करतात, १९७२ ला स्थापन झालेली कंपनी आहे ती. मग वस्तू येतात आणि वाटपाची तारीख पाहुण्यांच्या सवडीनं ठरते. एकदा दादाबरोबर मी गेले होते, सकाळी नऊला बोलावलं होतं, पाहुणे आले दुपारी दीडला, तोपर्यंत शे-दीडशे माणसं मांडवात, आणि मांडवाच्या आसपास व्हीलचेअर जाईल असा एकही संडास नाही. बायका सकाळपासून पाणी प्यायल्या नव्हत्या, कारण जायचं कुठं? मग स्टेजवर एकेकाला बोलावून फोटो. स्टेजला पायऱ्या. तिचाकी सायकल घ्यायला आलेल्या माणसाला चौघांनी उचलून वर नेला, फोटो काढला, परत उचलून खाली आणला. मला त्या दिवशी इतका राग आला की बोलता येईना. ही वस्तू त्याच्या हक्काची आहे, कायद्यानं त्याला मिळालीये, ती त्याच्या घरी पोचवा, वापरायची कशी ते शिकवा, आणि सहा महिन्यांनी बॅटरी किंवा टायर गेला तर दुरुस्त करून द्या. आमच्या भागात बॅटरी गेल्यामुळं गोठ्यात पडलेल्या तिचाकी मी बघितल्यात, वर कडबा रचलेला.

रॅम्पचंही तसंच. नियम साधा आहे, एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी पाहिजे. एका सरकारी ऑफिसात नवीन रॅम्प केला, दादा मोठ्या उत्साहानं गेला, बघतो तर तो इतका उभा की तिथून व्हीलचेअर सोडली तर थेट गेटाबाहेर जाईल. वर चढल्यावर दाराला चार इंचाचा उंबरा. करणाऱ्यानं बिल काढलं असेल, पण त्यावरून कधी कुणाला नेऊन बघितलं असेल असं वाटत नाही. सुप्रीम कोर्टानं ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी यांच्या केसमध्ये सांगितलंय की हे नियम नुसती शिफारस म्हणून ठेवून चालणार नाही, सक्तीचे करा. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत आणि त्यांनी ही याचिका २००५ मध्ये केलेली होती. दादानं त्या निकालाची बातमी प्रिंट काढून दुकानात लावलीये.

त्याच महिन्यात २० तारखेला विधानसभेचं मतदान होतं. ४० टक्क्यांवर अपंगत्व असणाऱ्यांना आता घरून मतदान करता येतं, १२ डी फॉर्म भरायचा, माणसं घरी येतात. आक्काचा फॉर्म दादानंच भरून दिला, तिला त्याचा खूप उपयोग झाला. स्वतःचा मात्र भरला नाही. मी विचारलं का रे, तर म्हणाला, "मला रांगेत उभं राहायचंय. म्हणजे बसायचंय. सगळ्यांच्यात." शाळेत व्हीलचेअर ठेवली होती, रॅम्पही बरा होता, तो गेला आणि चांगला दोन तास गप्पा मारून आला. दोन्ही सोयी असल्या म्हणून आक्काचंही जमलं आणि दादाचंही, आणि कुणाला काय पाहिजे ते ज्यानं त्यानं ठरवलं.

मला लोक विचारतात, हे सगळं फुकट कशाला, करदात्यांचा पैसा. मी म्हणते, दादाच्या कॅलिपरला, पासाला जेवढा खर्च झाला असेल त्याच्या कितीतरी पट कामं त्यानं या तालुक्यातल्या लोकांची केलीत, त्याची पोरगी आता इंजिनिअरिंगला आहे. पण हा हिशोब मांडायलाही मला आवडत नाही खरं तर. आक्का काहीच कमवत नाही, कधी कमवणारही नाही, तरी तिला तिच्या पिशवीत तिचे पैसे असायलाच पाहिजेत.

सध्या दादाच्या डोक्यात ग्रामसभा आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, आमच्या गावात गेली काही वर्षं ते कुठं खर्च झाले ते कुणाला नीट सांगता येत नाहीये. एका वर्षी सगळ्यांना एकेक स्टीलचा डबा वाटला होता. यंदा दादानं घरोघर गाडीवर फिरून यादी केलीये, कुणाला नक्की काय पाहिजे ते विचारून. एका आजोबांना कमोडची खुर्ची, दोघांना तिचाकीची बॅटरी, एका बहिऱ्या पोरीला मिरजेला स्पीच थेरपीला जायचं भाडं, रेशन दुकानाच्या पायरीला उतार, वाचनालयाच्या दाराला उतार, आणि आक्कानं सांगितलंय की तिच्या घरापासून देवळापर्यंत एका बाजूनं दोरी किंवा कठडा करून द्या, म्हणजे ती एकटी काकड आरतीला जाईल. यादीच्या पंधरा कॉप्या काढल्यात. एक सरपंचांना आणि एक ग्रामसेवकांना आधीच नेऊन दिलीये, पोच घेऊन, म्हणजे सभेत "माहिती घेऊन सांगतो" असं उत्तर यायला नको.